आकाश कोरं ठेवण्यामागचा इतिहास

निसर्गदृश्यात आकाश कोरं असणं हा एकोणिसाव्या शतकात दोष मानला जाई. 1851 नंतर रूढ झालेल्या ओल्या कोलोडियन काचा (रसायनाचा ओला थर दिलेल्या, फिल्मच्या जागी वापरायच्या काचा) निळ्या प्रकाशाला नको इतक्या संवेदनशील होत्या. जमिनीचा तपशील यावा इतका वेळ एक्स्पोजर दिलं, की आकाश पांढरंफटक पडायचं. त्यावर तोड म्हणून 1856-57च्या सुमारास एका फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राची एक आणि ढगांची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून एकच प्रत छापली. पुढे ढगांच्या निगेटिव्ह जमवून ठेवायच्या आणि हव्या त्या दृश्यावर छापायच्या, ही रीतच पडली. 1906पासून पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांच्या प्रकाशाला संवेदनशील, काचा बाजारात आल्या, पिवळे-लाल फिल्टर खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागले आणि आकाश किती गडद ठेवायचं हे छायाचित्रकाराच्या हातात आलं. निगेटिव्ह स्पेस, म्हणजे चित्रात मुद्दाम राखलेली मोकळी जागा, ही ‘निवड’ झाली ती त्यानंतर.

अशी मोकळी जागा राखणाऱ्या चीन-जपानच्या शाईचित्रांचं ऋण इथे मोठं आहे, पण छायाचित्रणात ते ठळकपणे उतरलं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1980मध्ये एका जपानी छायाचित्रकाराने समुद्रांची मालिका सुरू केली. क्षितिज बरोबर मध्यावर, वर हवा, खाली पाणी. ना होडी, ना किनारा. 2000 नंतर होक्काइदो या जपानच्या उत्तरेकडच्या बेटावरच्या बर्फातली एकेकटी झाडं चौकोनी कृष्णधवल फ्रेममध्ये जगभर पोचली. आज आपण ज्याला मिनिमलिस्ट, म्हणजे मोजकंच दाखवणारं, निसर्गछायाचित्रण म्हणतो, त्याचा साचा बराचसा याच कामातून घडला.

खरा वाद उभा राहिला तो 1999च्या एका चित्रामुळे. एका जर्मन छायाचित्रकाराने डसेलडॉर्फजवळ ऱ्हाईन नदी टिपली: गवताचे हिरवे पट्टे, मधून वाहणारी करडी नदी, वर ढगाळ आकाश. मूळ दृश्यात कुत्री फिरवायला आलेली माणसं होती, पलीकडच्या तीरावर इमारत होती. ती त्याने संगणकावर काढून टाकली आणि ही गोष्ट लपवली नाही. 2011मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्या प्रतीला 43 लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली. तोवर कुठल्याही छायाचित्राला इतके पैसे मिळाले नव्हते. ही जागा रिकामी होती, की रिकामी केली होती? आणि केली असेल, तर काय बिघडलं?

कलाकाराच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दाखला लाँग एक्स्पोजरचा, म्हणजे कॅमेऱ्यात बराच वेळ प्रकाश येऊ देण्याचा. भिंगापुढे लावायचा दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (गडद काच; दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) प्रकाश साधारण हजारपट कमी करतो. सेकंदाच्या साठाव्या भागाचं एक्स्पोजर सतरा सेकंदांवर जातं. लाटांचं धुकं होतं, चालती माणसं विरघळतात. तेही खोडणंच नाही का? मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. लांबलेलं एक्स्पोजर फ्रेममधल्या प्रत्येक वस्तूला एकच नियम लावतं: हलेल ते विरेल, स्थिर असेल ते उरेल. त्यातून पलीकडची इमारत निघून जात नाही. आपल्या सह्याद्रीत पावसाळी धुकं असंच काम करतं. ते दरी झाकतं तेव्हा सोयीचं-गैरसोयीचं असं बघत नाही. एखादा सुळका मोकळा पडेपर्यंत वाट पाहावी लागते. संगणकावर मात्र नको ते एकेक वेचून काढता येतं. त्या जर्मन चित्रात ते उघडपणे, विचार करून केलं होतं. 2010 नंतर हेच काम संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जवळजवळ आपोआप होऊ लागलं आणि पुढे फोनवरही बोटाने खूण करून विजेचे खांब, तारा, पर्यटक पुसता येऊ लागले. त्याची कबुली देणं मात्र मागेच राहिलं.

याच काळात मोकळ्या जागांवर गर्दी वाढली. होक्काइदोमधल्या बिएई गावातला एक झुकलेला पॉप्लर एकट्या झाडाच्या फोटोंमुळे प्रसिद्ध झाला. फोटो काढणारे शेतात घुसत, पीक तुडवत. समजावून उपयोग होईना. शेवटी फेब्रुवारी 2016मध्ये शेतमालकाने झाड पाडलं. त्या फोटोंत पांढरी मोकळी जागा म्हणून दिसायचं ते बर्फाखालचं त्याचं शेत होतं. निगेटिव्ह स्पेसच्या कौतुकात जमिनीच्या मालकाचा विचार किती कमी होतो, हे या एका घटनेइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसलेलं नाही.

स्पर्धांनी आपल्यापुरती वाट काढली आहे. आंतरराष्ट्रीय सॅलनच्या, म्हणजे छायाचित्र-स्पर्धांच्या, निसर्ग विभागात चित्रातून काहीही काढायला किंवा त्यात घालायला बंदी आहे. धूळ आणि ओरखडे तेवढे पुसता येतात. खुल्या विभागात बदल चालतात. भारतातली अनेक सॅलनही याच व्याख्या वापरतात, त्यामुळे तार पुसलेलं झाडाचं चित्र एका विभागात बाद ठरतं आणि दुसऱ्यात बक्षिसाला पात्र असतं. खुल्या विभागातही काय काढलं हे प्रवेशिकेत लिहून घ्यायला हवं. धुक्यासाठी कड्यावर ताटकळलेल्याचं आणि घरी बसून तारा पुसलेल्याचं चित्र परीक्षकांसमोर शेजारी शेजारी येतं, तेव्हा त्यांना निदान तेवढं कळलं पाहिजे.