हिवाळ्याआधी संपणारे रँच

शहरी माणसाला रँचवर, म्हणजे गुरे पाळायच्या मोठ्या कुरणावर नेऊन त्याची त्रेधातिरपीट बघायची, ही कल्पना काही टीव्हीवाल्यांची नव्हे. पिट्सबर्गहून आलेल्या ईटन बंधूंचे अमेरिकेतल्या डाकोटात, मेडोराजवळ गुरांचे रँच होते. १८८० च्या दशकात पूर्वेकडचे मित्र शिकारीला, रपेटीला म्हणून यायचे आणि चांगला मुक्काम ठोकायचे. पाहुणचार डोईजड होऊ लागला, तेव्हा पाहुण्यांकडून पैसे घेणे सुरू झाले. यातूनच ‘ड्यूड रँच’चा धंदा उभा राहिला. ड्यूड म्हणजे शहरातून आलेला, नवे कोरे बूट घातलेला हौशी पाहुणा. १९०४ मध्ये ईटन मंडळी वायोमिंगमधल्या वुल्फला गेली आणि १९२६ मध्ये अशा रँचमालकांची संघटनाही झाली.

त्याच मेडोरा परिसरात १८८३ मध्ये थिओडोर रूझवेल्ट, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले, आले. न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरातला चष्मेवाला तरुण. काउबॉय त्यांना ‘फोर आइज’ म्हणत. बायसनची (तिकडच्या रानगव्याची) शिकार झाली आणि त्यांनी गुरांच्या धंद्यातही पैसा घातला. पुढे १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला, गवत आधीच ओरबाडले गेले होते आणि हिवाळ्यात उरलेसुरले बर्फाखाली गाडले गेले. रूझवेल्ट यांची निम्म्याहून अधिक गुरे त्या थंडीत मेली. गुरांपेक्षा पाहुणे पाळणे जास्त भरवशाचे, हे त्या मुलखाला कळायला एवढे पुरेसे होते.

टीव्हीवर हा विषय आधी विनोदी मालिकांतून आला. न्यूयॉर्कचा वकील शेत विकत घेतो, ही ‘ग्रीन एकर्स’ची कथा सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर १९६५ ते १९७१ चालली. रिॲलिटी शोच्या लाटेत मग खरीखुरी माणसे आली. २००२ च्या, पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवरील ‘फ्रंटियर हाउस’मध्ये तीन कुटुंबांनी मोंटानात १८८३ सालचे आयुष्य काढले. शेवटी तज्ज्ञांनी लाकूडफाटा आणि चाऱ्याचा साठा तपासून ही मंडळी हिवाळा काढतील का, ते सांगितले. खरा हिवाळा मात्र कोणीच काढला नाही. थंडी कडक होण्याआधीच कॅमेरे गुंडाळले गेले. या प्रकारातल्या कार्यक्रमांची खरी पळवाट तीच.

माझ्या मते यातला सर्वांत बोलका प्रयोग म्हणजे २००६ चा ‘टेक्सास रँच हाउस’. काळ १८६७ चा, मालक म्हणून कॅलिफोर्नियातले एक कुटुंब आणि हाताखाली काउबॉय. स्वयंपाकघरात माश्यांचे थवे, उन्हाने वैतागलेली माणसे, पण खरी ठिणगी पडली ती घोड्यावरून. मालकाने घोड्याबाबत दिलेला शब्द फिरवला, असे एका काउबॉयचे म्हणणे होते. त्याला काढल्यावर बाकीचेही निघून गेले. गाय कशी वळवायची हे शिकता येते. माणसे कशी राखायची, तिथे रँच बुडते.

त्याआधी २००३ च्या डिसेंबरात फॉक्स वाहिनीने पॅरिस हिल्टन आणि निकोल रिची या श्रीमंत घरातल्या शहरी तरुणींना आर्कान्सामधल्या आल्टस गावी धाडले होते. ‘द सिंपल लाइफ’ तुफान चालला. त्यात हसू होते ते शहरातल्या पोरींवर, म्हणून गावाला फारसे लागले नाही. सीबीएसने उलटा घाट घातला होता: डोंगरी भागातले गरीब कुटुंब बेव्हर्ली हिल्सच्या हवेलीत ठेवायचे. केंटकीतल्या ग्रामीण संघटनेने त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि तो बेत बारगळला.

आपल्याकडे झी मराठीवर डिसेंबर २०२३ मध्ये ‘जाऊ बाई गावात’ आला. शहरी मुली, सूत्रसंचालक हार्दिक जोशी आणि शेणापासून धारेपर्यंतची कामे. रँचऐवजी गोठा आला, एवढाच फरक. २०२५ मध्ये त्याच वाहिनीने ‘चल भावा सिटीत’मधून गावाकडच्या तरुणांना शहरात आणले. सीबीएसला जे जमले नव्हते, ते इथे बिनबोभाट झाले.