काढा
वनस्पतींची मुळे, साली, पाने, फळे इ. पाण्यात उकळून, आटवून व गाळून घेतलेले औषधी पेय. संस्कृत ग्रंथांत त्यास क्वाथ किंवा शृत म्हणतात. सर्दी, पडसे, खोकला व कसकस यांवर आले किंवा सुंठ, तुळस, मिरी, लवंग, दालचिनी, गवती चहा, ज्येष्ठमध यांचा काढा गूळ घालून कढत पितात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वरस (पिळून काढलेला रस), कल्क (वाटलेला गोळा), शृत (काढा), शीत (थंड पाण्यात भिजवून काढलेला अर्क) व फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेला अर्क) या पाच कषायकल्पना, म्हणजे औषध तयार करण्याच्या रीती, दिल्या आहेत. काढ्यासाठी पाण्याचे प्रमाण मात्र वादाचे आहे. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदीय ग्रंथात (साधारणतः तेरावे–चौदावे शतक) भरड द्रव्याच्या सोळापट पाणी मातीच्या भांड्यात मंद आचेवर आटवून अष्टमांश उरवावे, असे सांगितले आहे. दुसऱ्या परंपरेत द्रव्य मऊ, मध्यम की कठीण यानुसार चौपट, आठपट वा सोळापट पाणी घेऊन चतुर्थांश उरवतात. सोळापट पाण्यातून पहिल्या रीतीने द्रव्याच्या दुप्पट, तर दुसरीने चौपट काढा मिळतो. त्यामुळे मात्रा सांगताना रीतही सांगणे अगत्याचे ठरते. एकच प्रमाण सर्व द्रव्यांस लावण्यापेक्षा दुसरी रीत अधिक सयुक्तिक वाटते.

घरगुती मिश्रणात मऊ व कठीण द्रव्यांतील हा भेद विशेष जाणवतो. ज्येष्ठमधासारखी मुळे दीर्घकाळ उकळावी लागतात. तुळस व गवती चहा यांतील सुगंधी तेले मात्र उघड्या भांड्यात वाफेबरोबर उडून जातात. म्हणून पाने शेवटी घालून, आच बंद करून झाकण ठेवणे इष्ट. ही कृती वस्तुतः फांटाची होय. आले वाळताना व तापताना त्यातील जिंजेरॉल या तिखट घटकाचे काही अंशी शोगाओल या अधिक तिखट घटकात रूपांतर होते. सुंठीच्या काढ्याचा झणका त्यामुळेच निराळा.

आयुष मंत्रालयाने 2020 साली तुळस 4, दालचिनी 2, सुंठ 2 व मिरी 1 भाग असे मिश्रण सुचविले होते.

काढ्याने पडशाचा विषाणू नष्ट होतो, असे सिद्ध झालेले नाही. तथापि ऊबेचा लाभ खरा आहे. कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या, 30 रुग्णांवरील प्रयोगात गरम फळपेयाने शिंका, खोकला, घसादुखी, हुडहुडी व थकवा यांत लगेच आराम वाटला. तेच पेय खोलीच्या तापमानाला दिले असता घसादुखी, हुडहुडी व थकवा यांत तसा फरक पडला नाही. नाकातील हवेचा प्रवाह दोन्ही वेळी मोजमापात बदलला नाही.

मध घालायचा तर काढा कोमट झाल्यावर घालतात. तापलेला मध आयुर्वेदात निषिद्ध आहे. एक वर्षाखालील बालकास मध मुळीच देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर विकार संभवतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटून रक्तदाब वाढू शकतो.