‘बेस्ट’मधला ‘स’ आणि ‘ज्येष्ठ’मधला ‘ष’

भाचीच्या इंग्रजीच्या वहीत परवा एक ओळ लाल पेनाने गोल केलेली दिसली. ‘गुड, गुडर, गुडेस्ट.’ समोर बाईंचा शेरा, दहा वेळा लिहून आणणे. भाची आठवीत आहे. फुरंगटून लिहीत बसली होती, सातव्या ओळीला तिने पेन आपटलं. “मामा, टॉल-टॉलर-टॉलेस्ट चालतं, मग गुडनेच काय घोडं मारलंय?”

घरातल्या मोठ्यांचं उत्तर ठरलेलं असतं. इंग्रजी आहे ती, तिला नियमबियम नसतात, पाठ कर. मला हे पटत नाही. गुडची जागा बेटरनेच का घ्यावी याला कारण देता येत नाही, कबूल. पण एकदा बेटर आल्यावर पुढे बेस्टच येणार, गुडेस्ट नाही, हा मात्र चांगला भरभक्कम नियम आहे. शिवाय तो एकट्या इंग्रजीचा नाही.

जोनाथन बोबालिक या भाषावैज्ञानिकाने 300 हून अधिक भाषांमधली अशी रूपं तपासली आणि 2012 साली त्यावर पुस्तक काढलं. तिन्ही रूपं एकाच मुळापासून होतात, टॉलसारखी. किंवा पहिलं एका मुळाचं आणि पुढची दोन दुसऱ्याची, जसं गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट. किंवा तिघांची तीन मुळं: लॅटिनमध्ये चांगला तो बोनस, त्याहून चांगला मेलिओर आणि सगळ्यांत चांगला ऑप्टिमस. पण मधल्याने घर बदललंय आणि तिसरा गुपचूप पहिल्याच्या घरी परतलाय, म्हणजे ‘गुड-बेटर-गुडेस्ट’, असा नमुना काही हाती लागत नाही. भाचीने गुडेस्ट लिहिलं खरं, पण त्याआधी गुडरही लिहिलं होतं. चुकतानाही तिने हा नियम पाळला होता.

असं का व्हावं, हे फारसीत उघड्यावर दिसतं. खूब (म्हणजे चांगला), बेहतर, बेहतरीन. यातले शेवटचे दोन शब्द आपल्याला हिंदी सिनेमाने शिकवलेत. ‘बेहतरीन’च्या आत अख्खा ‘बेहतर’ बसलेला आहे. बोबालिकचं म्हणणं, सगळीकडे असंच असतं, फक्त बऱ्याच भाषांत सांधा दिसत नाही. एकात एक बसणारे डबे डोळ्यांसमोर आणा. आतल्या डब्यात मूळ शब्द, त्यावर ‘अधिक’चा डबा, त्यावर ‘सर्वांत’चा. मधला डबा चढताना आतला लाडू बदलला, तर बाहेरच्याच्या वाट्याला बदललेलाच लाडू येणार.

मग इंग्रजीतला सांधा कुठे आहे? मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. ‘बेटर’च्या शेवटचा ‘र’ आणि ‘बेस्ट’मधला ‘स’ हे मुळात एकच अक्षर आहे.

इंग्रजीची एक नातेवाईक भाषा होती, गॉथिक. तिच्यात चौथ्या शतकात बायबलचं भाषांतर झालं. त्यात ‘अधिक चांगला’ म्हणजे बातिझा आणि ‘सर्वांत चांगला’ म्हणजे बातिस्ता. एकात ‘झ’, दुसऱ्यात ‘स’. त्याही आधीच्या, या सगळ्यांच्या पणजीच्या भाषेत दोन्हीकडे ‘स’च होता. डेन्मार्कच्या कार्ल व्हर्नरने 1875 च्या सुमारास दाखवून दिलं, की इंग्रजी-गॉथिकच्या घराण्यात ‘स’च्या लगेच आधीच्या स्वरावर आघात, म्हणजे बोलतानाचा जोर, नसेल तर तो ‘स’ मऊ होऊन ‘झ’ होतो. पुढे इंग्रजी आणि तिच्या भावंडांनी त्या ‘झ’चा ‘र’ केला. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ या जोडीत हीच भानगड आहे. पण ‘सर्वांत’च्या रूपात ‘स’ला चिकटून ‘त’ उभा होता. ‘मस्त’ऐवजी ‘मझ्त’ म्हणून बघा, जीभ तयार होत नाही. ‘त’च्या पाठीशी लपलेला तो ‘स’ तसाच टिकला. थोडक्यात, इंग्रजीतला ‘-एस्ट’ म्हणजे जुना ‘अधिक’चा प्रत्यय, त्याला जोडलेला ‘त’. डब्यावर डबा.

आता संस्कृतकडे या. श्रेयस्-श्रेष्ठ, कनीयस्-कनिष्ठ, ज्यायस्-ज्येष्ठ. ‘ईयस्’ हा ‘अधिक’चा प्रत्यय. तो आखडला की ‘इस्’ होतो, ‘इ’पुढे ‘स’चा ‘ष’ होतो, आणि त्याला ‘ठ’ लागतो: ‘इष्ठ’. तोच सांधा, तोच ‘स’. (इथे ज्यांची गाडी सुटली असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदात यावं, काही बिघडत नाही.)

पाणिनीने हे किती नेमकं टिपलंय पाहा. ‘प्रशस्यस्य श्रः’ असं त्याचं सूत्र आहे. प्रशस्य, म्हणजे प्रशंसनीय, या शब्दाच्या जागी ‘श्र’ येतो, आणि तो श्रेयस् व श्रेष्ठ या दोघांसाठी एकाच सूत्राने येतो. गुड जाऊन बेटर-बेस्ट यावं, तसंच हे. आणि ‘दोघांत कंपॅरेटिव्ह, अनेकांत सुपरलेटिव्ह’ असं आपली मुलं घोकतात, ती वाटणीही त्याच्या अष्टाध्यायीत आहे.

हे वाचून कुणीतरी ‘इंग्रजी संस्कृतातूनच निघाली’ असा निरोप सकाळी सकाळी ग्रुपवर टाकील, म्हणून आधीच सांगतो. निघाली नाही. याच गोतावळ्यातल्या लॅटिनमधले एस्त, ऑक्टो आणि अगेर घ्या. संस्कृतात ते अस्ति, अष्ट आणि अज्र आहेत. तिकडचे तीन वेगळे स्वर इथे एका ‘अ’त मिसळलेत. संस्कृत जर आई असती, तर कुठल्या ‘अ’चा ‘ए’ करायचा आणि कुठल्याचा ‘ओ’, हे लेकीला कळलं कसं असतं? या बहिणी आहेत. बहीण असणं काही कमीपणाचं नाही.

मराठीने मात्र हा सगळा पसारा सोडून दिला. अनिता सुनीतापेक्षा उंच, अनिता सगळ्यांत उंच. ‘उंच’ जागचा हलत नाही. ‘त्याहून मोठा’मधला ‘हून’ तर ‘पुण्याहून आला’मधलाच. एका ठिकाणापासून मोजायचं, बस्स. लिऑन स्टासेन यांनी 167 भाषांची पाहणी केली, त्यात असं जागेवरून मोजणाऱ्या 78 निघाल्या. इंग्रजीच्या ‘दॅन’सारखा शब्द वापरणाऱ्या 22 च, त्याही मुख्यतः युरोपातल्या. विचित्र कोण, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून आपली मुलं ‘मोअर बेटर’ म्हणतात. त्यांच्या कानाला ‘बेटर’ हा साधाच शब्द वाटतो. त्यांना हसण्यात अर्थ नाही, इंग्रजीनेही तेच केलंय. ‘निअर’ हा मुळात ‘अधिक जवळ’ होता, ‘सर्वांत जवळ’ तो ‘नेक्स्ट’. ‘निअर’मधला ‘अधिक’ विसरला गेला, मग ‘निअरर’ आलं. ‘लेस’ला पुन्हा शेपूट लावून ‘लेसर’ केलं. शेक्सपिअरच्या नाटकात सीझरच्या प्रेतापाशी अँटनी ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ म्हणतो, आणि शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतम’ आहे, दोन्हीकडे ‘सर्वांत’वर पुन्हा ‘सर्वांत’.

हे शब्द झिजतात, नाण्यासारखे. ‘कनिष्ठ लिपिक’ म्हणजे शब्दशः सर्वांत लहान लिपिक, पण एका कार्यालयात असे आठ असतात. ‘ज्येष्ठ नागरिक’ तर घराघरात. ज्याचं हे भाषांतर, तो ‘सीनिअर’ लॅटिनमध्ये नुसता ‘अधिक वयाचा’ होता, आपण त्याला सर्वांत मोठा करून टाकलं. जोर देणाऱ्या शब्दांचंही तेच. इंग्रजी ‘व्हेरी’ एके काळी ‘खरा’ या अर्थाचा फ्रेंच शब्द होता. तो पुळचट झाला, मग भीतीला कामाला लावलं, ‘टेरिबली नाइस’. आपणही ‘भयंकर आवडलं’ म्हणतोच. रंगांच्या बाबतीत मात्र मराठी श्रीमंत आहे. लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, काळाकुट्ट, प्रत्येकाला आपापली शेपटी. ती अदलाबदल करून बघा, कान लगेच तक्रार करतो.

वही संपली तेव्हा ताईने पेढ्यांचा खोका उघडला. झाकणावर ‘अतिशय स्वादिष्ट’. मी भाचीला सांगितलं, की ‘स्वादु’ म्हणजे गोड, आणि त्याचं ‘स्वादिष्ठ’ हे ऋग्वेदाच्या नवव्या मंडलाच्या सुरुवातीलाच येतं. मराठीत ‘ठ’चा ‘ट’ झाला. ‘स्वीट’ आणि ‘स्वादु’ सख्ख्या बहिणी, म्हणजे ‘स्वादिष्ठ’ आणि ‘स्वीटेस्ट’ हे जवळजवळ अक्षराला अक्षर लावून एकच.

तिने झाकण पुन्हा वाचलं.

“म्हणजे हे ‘व्हेरी स्वीटेस्ट’ झालं. बाईंनी गोल केलं असतं.”