ग्रंथालय तालिकेतील शिफारस प्रणालीवर पीएच.डी.: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

‘हे पुस्तक नेणाऱ्यांनी हेही नेले’ अशी शिफारस ओपॅकमध्ये (ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत) कशी दाखवायची, यावर पीएच.डी. करायची म्हटली की अर्जातला विषयाचा रकानाच अडवतो. काम निम्मे ग्रंथालयाचे, निम्मे संगणकाचे. नोंदणी मात्र एकाच विषयात होते आणि पात्रता, पेपर, मार्गदर्शक सगळे त्यावरच ठरते. एम.लिब. झालेल्यांनी ग्रंथालय व माहितीशास्त्रच धरावे आणि संगणकशास्त्रातला सहमार्गदर्शक मिळतो का ते पाहावे. एमसीए किंवा एम.एस्सी. वाल्यांनी संगणकशास्त्र. उलट बाजूने जायचे असेल तर तुमची पदवी त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात संलग्न विषयांमध्ये धरली आहे का, हे शुल्क भरण्याआधी बघा.

पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार: पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमिलेयर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटक यांना ५ टक्के सवलत. नोकरी करणाऱ्या ग्रंथपालांना अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण संस्थेचे ना-हरकत पत्र लागते. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएच.डी. चालत नाही, तशी जाहिरात दिसली तर तिकडे दुर्लक्ष करा.

प्रवेशाचे दोन रस्ते. एक नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), दुसरा पेट (विद्यापीठाची स्वतःची पीएच.डी. प्रवेश परीक्षा). २०२४ पासून नेटच्या निकालात ‘फक्त पीएच.डी. प्रवेश’ असाही गट आहे. त्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार, मात्र हे गुण वर्षभरच चालतात. पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर. दोन्हींपैकी काहीही दिले तरी मार्गदर्शकाकडे जागा हवीच. प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. रिक्त जागांची यादी वाचताना हे लक्षात ठेवा.

कागदपत्रांत गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला. जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता. सगळ्यात जास्त घोळ नॉन-क्रीमिलेयरचा: त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि अर्ज मात्र पुढच्या महिन्यांत निघतात. शिवाय नेटला ओबीसींची केंद्राची यादी लागते. विमुक्त-भटके आणि विशेष मागास हे राज्याचे प्रवर्ग तिथे त्या नावाने नसतात.

आता ज्यावर मुलाखत खरी फिरते ते: सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) आणि विदा (डेटा). ‘शिफारस प्रणाली: एक अभ्यास’ असले शीर्षक समितीने शंभरदा ऐकलेले असते. ‘कोहा वापरणाऱ्या महाविद्यालयांतील देवघेव नोंदींवरून मराठी ग्रंथांची शिफारस’ म्हटले (कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली) की लगेच पुढचा प्रश्न येतो: नोंदी आहेत का? अर्ज भरण्याआधी ग्रंथपालांकडे बसून हे तपासा. कोहामध्ये सदस्य काढून टाकला की जुन्या देवघेवीतून त्याचा क्रमांक जातो. पास होऊन गेलेल्या मुलांची खाती दरवर्षी साफ करणाऱ्या महाविद्यालयात पुस्तक किती वेळा गेले ते कळेल, पण एकाच वाचकाने कोणकोणती नेली ते कळणार नाही. आणि ‘यांनी हेही नेले’ त्या जोडीवरच उभे असते. मराठीत आणखी एक अडचण: तेच पुस्तक तालिकेच्या एका नोंदीत देवनागरीत, दुसरीत रोमन लिपीत. एका पुस्तकाची देवघेव दोन ठिकाणी फुटते.

नावे मिळत नसतील तर वाट बंद नाही. जर्मनीत कार्ल्सरुएच्या विद्यापीठ ग्रंथालयातून निघालेली बिबटिप ही सेवा वाचक कोण हे न विचारता, एकाच बैठकीत कोणत्या नोंदी पाहिल्या गेल्या यावरून शिफारस करते. सिनॉप्सिसमध्ये असा पर्यायी मार्ग लिहिलेला असला तर बाजू भक्कम होते. नोंदी मिळणार असतील तर प्राचार्यांच्या सहीचे परवानगीपत्र जोडा आणि त्यात सदस्यांची नावे, दूरध्वनी काढूनच विदा दिली जाईल हे वाक्य असू द्या. अर्जाच्या यादीत हे पत्र नसते, तरी मी ते पहिल्याच दिवशी घेण्याच्या मताचा आहे. नोंदणी झाल्यावर ग्रंथपाल बदलले तर पुन्हा शून्यापासून.

निवड झाली की कोर्सवर्क: किमान १२ क्रेडिट, त्यात संशोधन नीतीचा भाग सक्तीचा, उत्तीर्णतेला ५५ टक्के. किमान मुदत ३ वर्षे, कमाल ६. पुनर्नोंदणीने आणखी २, महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर २. शिष्यवृत्तीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिराती वेगळ्या निघतात आणि त्यांना नोंदणीचे पत्र लागते, म्हणून ते पत्र हातात पडताच त्याच्या साक्षांकित प्रती करून ठेवा.