कमरेला पिस्तूल, खिशात लायसन्स आणि मागे पोलिसांचे दिवे : आमच्या क्लासच्या मंडळींसाठी माहितीपत्रक

मंडळी, क्लासमध्ये नेमबाजीवर दोन प्रश्न येतात, होल्स्टरवर चार येतात, आणि मग कोणीतरी मागच्या रांगेतून विचारतं की सर, सगळं रीतसर आहे, लायसन्स आहे, पिस्तूल शर्टाखाली आहे, आणि टेक्सासच्या हायवेवर ट्रूपरनं, म्हणजे राज्याच्या पोलिसानं, मागून दिवे लावले तर करायचं काय, आणि तिथे अर्धा तास जातो. म्हणून हे लिहूनच देतोय. घरी सगळ्यांनी वाचा, गाडीत ठेवायचं असेल तर वर सन व्हायजरला अडकवा, ग्लोव्ह बॉक्समध्ये नको, का ते पुढे येतंच. मी ट्रेनर आहे, वकील नाही, त्यामुळे प्रकरण कोर्टापर्यंत गेलं तर माझा फोन नंतर, वकिलाचा आधी.

आधी एक कडू गोष्ट, कारण ती नंतर सांगितली की लोक रागावतात. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ असल्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं तुम्हाला पिस्तूलच काय, एक काडतूसही जवळ बाळगता येत नाही. शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत पण त्यांच्या भरवशावर इमिग्रेशनच्या वकिलाला न विचारता एक पाऊल टाकू नका. ग्रीन कार्ड आलं की चालतं. आता ह्याचा ट्रॅफिक स्टॉपशी संबंध असा, की तुम्ही सिटिझन, तुमचा मेहुणा एच-१बीवर, रविवारी त्याला म्हणालात माझी गाडी घेऊन जा किराणा आणायला, आणि सेंटर कन्सोलमध्ये तुमचं पिस्तूल तसंच राहिलं. तो स्पीडिंगला थांबला तर तिकीट बाजूलाच राहील, बंदुकीच्या गुन्ह्यावरून सिटिझन नसलेल्या माणसाला देशाबाहेर काढता येतं. गाडी दुसऱ्याला देताना कन्सोल रिकामा, हे किल्ली देण्याआधीच बघायचं.

आता टेक्सासचं. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्या, कायद्यानं मनाई नसलेल्या माणसाला लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं, मग लोक म्हणतात तुमचा क्लास कशाला. एक म्हणजे शाळा. शाळेच्या १००० फुटांच्या आत पिस्तूल घेऊन जायला फेडरल बंदी आहे आणि त्यातून सूट राज्याचं लायसन्स असणाऱ्याला आहे, नुसत्या विनालायसन्सवाल्याला नाही, आणि आपल्यातला अर्धा गाव रोज सकाळी पोरांना सोडायला त्याच रस्त्यानं जातो. दुसरं म्हणजे बाहेरच्या बऱ्याच राज्यांत हेच कार्ड चालतं. गाडीत पिस्तूल उघड्यावर दिसत असेल तर ते होल्स्टरमध्येच पाहिजे, सीटवर नुसतं टाकलेलं नको, मांडीखाली तर अजिबात नको.

आणि मुख्य नियम. तुमच्याकडे एलटीसी, म्हणजे पिस्तूल बाळगण्याचं 'लायसन्स टू कॅरी', आहे, पिस्तूल अंगावर किंवा हाताशी आहे आणि पोलिसानं ओळखपत्र मागितलं तर ड्रायव्हर लायसन्स आणि एलटीसी अशी दोन्ही कार्डं दाखवायची. न दाखवण्याची शिक्षा २००९ मध्ये काढून टाकली, नियम मात्र कायम आहे. हे शेजारी बसलेल्यालाही लागू, त्याचं ओळखपत्र मागितलं आणि त्याच्याकडे पिस्तूल असेल तर त्यानंही दोन कार्डं द्यायची. तसंही तुमचं लायसन्स कॉम्प्युटरवर टाकलं की एलटीसी त्याला दिसतं, लपवून काय मिळणार.

हे झालं पुस्तकातलं. खरी गोची हातांची असते.

माझंच सांगतो. नवं नवं लायसन्स होतं, केटीकडून ह्यूस्टनला येताना आय-टेन हायवेवर ६५ मैलांच्या मर्यादेत ७५ नं चाललो होतो, मागे दिवे लागले. गाडी शोल्डरला, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, घेतली इथपर्यंत ठीक, पण पुढे पुण्याची सवय नडली. तिकडे हवालदारानं शिट्टी मारली की आपण गाडी बाजूला लावतो, उतरतो, कागद घेऊन साहेब साहेब करत त्याच्याकडे चालत जातो, तीच आपली सभ्यता. माझा एक पाय बाहेर पडला होता तेवढ्यात मागून असा आवाज आला की तो पाय कधी आत आला मला आठवत नाही. मग तो खिडकीशी आला, लायसन्स म्हणाला, आणि मी आज्ञाधारकपणे उजवा हात पाठीमागे नेला कारण पाकीट उजव्या मागच्या खिशात, जसं आपल्या समस्त पुरुष जातीचं असतं, आणि पिस्तूल कुठे, तर उजव्या कमरेला, पाकिटाच्या वर चार बोटं. त्यानं काही म्हटलं नाही, फक्त त्याचा हात त्याच्या होल्स्टरवर गेला आणि तिथेच थांबला. माझा हातही थांबला. त्या दोन सेकंदांत मी जे शिकलो ते ह्या कागदात आहे.

तर पाकीट पिस्तुलाच्या बाजूला नको. डाव्या पुढच्या खिशात ठेवा, नाहीतर दोन्ही कार्डं छोट्या क्लिपमध्ये घालून व्हायजरला लावा. इन्शुरन्स टेक्सासमध्ये फोनवर दाखवलेला चालतो, पण अंधारात काळा फोन हातात धरून काय दिसतो ते एकदा आरशासमोर बघा, म्हणून फोन आधीच डॅशवरच्या स्टँडवर. आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये एक तर पिस्तूल नाहीतर कागद, दोन्ही कधीच नाही. हे वाचून प्रत्येकजण हो हो म्हणतो आणि पार्किंगमध्ये जाऊन बघितलं की दहातल्या चार गाड्यांत दोन्ही तिथेच असतात.

दिवे दिसले की सिग्नल द्या, वेग कमी करा, सुरक्षित जागा बघून उजवीकडे थांबा. इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावा, खिडकी पूर्ण खाली, आणि मग दोन्ही हात स्टिअरिंगच्या वर, बोटं उघडी. पिस्तूल दिसू नये म्हणून शर्ट नीट करू नका, ते हलवून सीटखाली सरकवू नका, मागून त्याला फक्त एवढंच दिसतं की हा माणूस खाली वाकून काहीतरी करतोय. जिथे आहे तिथे राहू द्या. तो येईपर्यंत काही शोधायचं नाही, काही काढायचं नाही. आपल्याला वाटतं कागद तयार ठेवले तर साहेबाचा वेळ वाचेल, त्याला वेळ वाचायला नकोय, त्याला तुमचे हात दिसायला हवेत.

बोलायचं काय, ते पाठ करा, कारण त्या वेळी इंग्रजी पळून जातं, वीस वर्षं इथे राहिलेल्यांचंही. "ऑफिसर, आय हॅव अ लायसन्स टू कॅरी. माय हँडगन इज ऑन माय राइट हिप. हाउ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?" एवढंच. पहिलं वाक्य लायसन्सचं, पिस्तुलाचं दुसरं. "आय हॅव अ गन" ने सुरुवात करू नका, तेच चार शब्द दरोडेखोर म्हणतो. कुठे आहे ते तोंडानं सांगायचं, बोट दाखवून नाही, शर्ट वर करून तर मुळीच नाही. आपल्यातल्या काहींची पद्धत म्हणजे "हे काय, इथेच आहे" म्हणत हात तिकडे न्यायचा, तो हात आवरा. मग तो सांगेल ते, सांगेल त्या क्रमानं, सावकाश, आणि प्रत्येक हालचालीच्या आधी सांगून: पाकीट डाव्या खिशात आहे, आता काढतो. खिडकीत उत्तर देताना मान हलवू नका, आपली हो आणि नाही मधली ती मान इथे कोणाला कळत नाही, येस किंवा नो तोंडानं म्हणा.

गाडीतून उतरा म्हणाला तर उतरायचं, वाद नाही, ड्रायव्हरला उतरवण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्येच पोलिसांना दिलाय आणि १९९७ मध्ये बाकी बसलेल्यांनाही तो लावला. पण इथे एक फार बारीक जागा आहे. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे सीट बेल्टचं बकल उजव्या कमरेशी. पिस्तूलही तिथेच. बेल्ट सोडायला हात नेला की तो पिस्तुलाकडेच जातो, दुसरा रस्ताच नाही. तेव्हा हात स्टिअरिंगवर ठेवूनच सांगा की माझं बकल पिस्तुलाच्या शेजारी आहे, कसं करू. कधी तो म्हणेल डाव्या हातानं सोडा, कधी म्हणेल थांबा मी करतो. हे आम्ही क्लासमध्ये निळ्या प्लास्टिकच्या पिस्तुलावर प्रत्येकाकडून करून घेतो, हसत हसत करतात आणि चारपैकी तिघांचा उजवा हात पहिल्याच झटक्यात खाली जातो.

तो पिस्तूल काढून घेऊ शकतो का, तर हो. स्वतःच्या, तुमच्या किंवा तिसऱ्या कोणाच्या सुरक्षेसाठी गरज आहे असं त्याला वाजवी कारणानं वाटलं तर टेक्सासचा कायदा त्याला तेवढ्यापुरतं पिस्तूल काढून घेऊ देतो, आणि तुमच्यापासून धोका नाही, तुम्ही कायदा मोडलेला नाही, अटक नाही, असं असेल तर तुम्हाला सोडण्याआधी परत द्यावं लागतं. तुम्ही स्वतः काढून हातात देऊ नका, त्यानं सांगितलं तरी एकदा विचारा की तुम्हीच काढाल का. परत मिळेल ते बहुतेक रिकामं, मॅगझिन वेगळं, कधी डिकीत ठेवून. तिथेच शोल्डरवर उभं राहून भरायला घेऊ नका, घरी जाऊन भरा.

गाडी तपासू का असं विचारलं तर नम्रपणे "आय डू नॉट कन्सेंट टू सर्चेस" म्हणता येतं, तो हक्क आहे, पण म्हणायचं आणि गप्प बसायचं, हातानं अडवायचं नाही. तरी तपासली तर तपासू द्या, ते बरोबर होतं की चूक ते न्यायाधीश ठरवेल. खोटं मात्र बोलू नका, पिस्तूल आहे का विचारलं आणि असताना नाही म्हणालात तर पुढचं सगळं बिघडलंच.

घरच्यांसाठी वेगळं लिहितो, कारण गोंधळ तिथे जास्त होतो. भारतातून आई आलेली आहे, पुढच्या सीटवर बसलीय, पोलीस दिसल्यावर ती घाबरते आणि मदत म्हणून ग्लोव्ह बॉक्स उघडते, "अरे कागद इथेच होते ना रे". मागून बायको "अहो, त्यांना सांगा ना" असं मोठ्यानं मराठीत. पोलिसाला एक शब्द कळत नाही, त्याला दिसतं की चार माणसं, चार आवाज आणि एक हात पेटीत. म्हणून आधीच, घरातून निघतानाच सांगून ठेवा: दिवे लागले की सगळ्यांचे हात मांडीवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर, बोलणार फक्त चालवणारा. आजीला सांगायचं, आजी, हात जोडून बसा. चालतं, हात दिसतात. आणि पैसे पुढे करणं, "कुछ एडजस्ट करो" असलं काही, चुकूनही नाही, इथे तो सरळ गुन्हा आहे.

आता ते नाव, जे प्रत्येक बॅचमध्ये निघतं. फिलँडो कॅस्टील, शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करणारा माणूस, मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्समध्ये ६ जुलै २०१६ ला थांबवलं, परमिट होतं. त्यानं इन्शुरन्सचं कार्ड दिलं, शांतपणे सांगितलं की सर, माझ्याजवळ पिस्तूल आहे. पोलीस म्हणाला तिकडे हात नेऊ नको, तो म्हणाला काढत नाहीये, आणि सात गोळ्या सुटल्या, मैत्रीण शेजारी, तिची चार वर्षांची मुलगी मागे. मिनिटाभरात संपलं. पोलिसावर खटला झाला, २०१७ मध्ये ज्युरीनं निर्दोष सोडलं. क्लासमध्ये कोणी विचारतं की मग त्याचं चुकलं काय. मी ते सांगत नाही, कारण माझ्या मते त्याचं चुकलं नव्हतं, त्यानं नम्रपणे खरं सांगितलं होतं. मी ते एवढ्यासाठी सांगतो की ज्या क्षणी पिस्तूल हा शब्द निघाला त्या क्षणी ओळखपत्र अजून द्यायचं होतं, म्हणजे हात हलायचे होते. म्हणून कार्डं व्हायजरला, पाकीट डावीकडे, आणि वाक्य बोलून झाल्यावर हात तिथेच, तो सांगेपर्यंत. ह्यानं धोका शून्य होतो असं मी कोणाला सांगणार नाही.

टेक्सासबाहेर नियम बदलतात. लुइझियानात परमिटवाल्यानं पोलीस जवळ आला की आपणहून सांगायचं, आय-टेननं न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. नॉर्थ कॅरोलायनातही सांगायचं. मिशिगनमध्ये ताबडतोब, नाही सांगितलं तर पहिल्यांदा ५०० डॉलर दंड आणि सहा महिने परमिट बंद. ओहायोत २०२२ पासून विचारल्यावरच सांगायचं. न्यू जर्सी तर दुसऱ्या कुठल्याच राज्याचं कार्ड मानत नाही, एडिसनला बहिणीकडे दिवाळीला निघालात तर पिस्तूल घरच्या तिजोरीत. नुसतं त्या राज्यातून पलीकडे जायचं असेल तर १९८६ चा फेडरल कायदा आहे, निघतो तिथे आणि पोचतो तिथे दोन्हीकडे कायदेशीर असेल तर रिकामं पिस्तूल आणि काडतुसं डिकीत कुलुपात, हात पोचणार नाही असं. तरी मी स्वतः ते करत नाही, मधे हॉटेलला मुक्काम झाला की तिथून डोकेदुखी सुरू.

ह्या महिन्यातला सराव शनिवारी सकाळी, रेंजवर नाही, रेंजच्या मागच्या पार्किंगमध्ये. येताना तुमची रोजची गाडी आणा, रोजचाच पट्टा आणि रोजचीच पॅन्ट घाला, नवरा-बायको दोघं या, सासूबाई आलेल्या असतील तर त्यांनाही आणा. खरं पिस्तूल आणि काडतुसं घरी ठेवून या, रिकामं होल्स्टर मात्र कमरेला हवं. पोलिसाचं काम मी करतो, टॉर्च तोंडावर मारतो, रागवायचं नाही.