टेकन: मागे सरायच्या जागेवरून तीस वर्षं चाललेलं भांडण

टेकन हा दोन पात्रांच्या हाणामारीचा व्हिडिओ गेम. एप्रिल २०२५ मध्ये 'टेकन ८'चा दुसरा सीझन, म्हणजे नव्या बदलांचा टप्पा, सुरू झाला आणि काही दिवसांतच स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर नापसंतीच्या शेऱ्यांचा खच पडला. शेरे लिहिणारे हा खेळ जीव लावून खेळणारे लोक होते. कित्येकांचे त्यात शेकडो तास गेले होते, काहींचं तर पोटच त्यावर चालतं. 'या वेळी बचावाकडे लक्ष देऊ' असं बनवणाऱ्यांनी आधी सांगितलं होतं. अपडेट आलं तेव्हा जवळजवळ प्रत्येक पात्राच्या हाती चढाईची नवी हत्यारं आली होती, आणि समोरच्याने सावरायचं कसं याचं उत्तर कुठेच दिसत नव्हतं.

हे भांडण एका अपडेटवरून पेटलं असलं तरी ते त्याच्याइतकं नवं नाही. मागे सरणाऱ्याला किती जागा द्यायची, या एकाच प्रश्नाभोवती टेकन पहिल्यापासून फिरत आला आहे.

खेळाची मांडणी बघितली तर साधी आहे. चार बटणं: डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. फटके तीन उंचीचे. वरचा फटका खाली बसून चुकवता येतो. मधला फटका बसलेल्याला लागतो, म्हणून तो उभ्याने अडवायचा. खालचा उभ्याला लागतो, तो बसून अडवायचा. म्हणजे समोरचा मधला मारणार की खालचा, हा अंदाज सतत बांधावा लागतो. सेकंदाचे ६० तुकडे, त्यांना फ्रेम म्हणतात. सगळ्यात वेगवान ठोसा लागायला साधारण १० फ्रेम. तुमचा फटका समोरच्याने अडवला आणि त्यातून सावरायला तुम्हाला त्याच्यापेक्षा १० फ्रेम जास्त लागल्या, तर त्याचा ठोसा तुम्ही खाल्लाच म्हणून समजा. खेळणारे याला 'पनिश' म्हणतात. कोणाचा कोणता फटका अडवल्यावर किती फ्रेम मिळतात, हे मुरलेल्या खेळाडूला पाढ्यांसारखं तोंडपाठ असतं.

पण पाठांतर म्हणजे खोली नव्हे. टेकनची खोली आहे ती अंतरात. समोरच्याचा फटका आपल्यापासून बोटभर अलीकडे हुकावा इतकंच मागे सरायचं, आणि त्याचा हात हवेत असताना फटका मारून त्याला वर उडवायचं. किंवा एक पाऊल बाजूला टाकायचं, त्याची सरळ रेषेतली लाथ शेजारून जाऊ द्यायची आणि त्याच्या कुशीत शिरायचं. यात अडवणं नाही की अंदाजाचा जुगार नाही. समोरचा कधी हात टाकणार हे ओळखायचं आणि त्या क्षणी तिथे नसायचं. कुस्ती बघणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. डाव टाकणाऱ्याचा तोल सुटतो त्या क्षणाची वाट बघणारा मल्ल कसा उभा असतो, ते त्याने पाहिलेलं असतं.

पहिला टेकन १९९४ साली जपानच्या नामको कंपनीने आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांसाठी, काढला. दिग्दर्शक सेइची इशी आदल्याच वर्षी आलेल्या सेगाच्या 'व्हर्च्युआ फायटर'वर काम करून आले होते. आर्केडच्या यंत्रातला बोर्ड सोनीच्या प्लेस्टेशनच्याच घडणीवर बेतलेला होता. त्यामुळे घरचा खेळ आणि आर्केडचा खेळ जवळपास सारखाच राहिला. घरी घोटलेला डाव दुसऱ्या दिवशी आर्केडमध्ये नाणं टाकून करून बघता यायचा. सराव आणि सामना यांच्यातली ही ये-जा टेकनच्या खेळाडूंना फार लवकर मिळाली, असं मला वाटतं.

तरीही पहिले दोन भाग खोलीच्या बाबतीत बाल्यावस्थेतलेच. पात्रं एका रेषेत पुढे-मागे करायची आणि अवास्तव उंच उड्या मारायची. खरा बदल १९९७ साली तिसऱ्या भागात झाला. उड्या जमिनीवर आल्या आणि प्रत्येक पात्राला बाजूला पाऊल टाकता येऊ लागलं. रेषेचं मैदान झालं.

पुढच्या वर्षी हा भाग प्लेस्टेशनवर आला आणि पुढे आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांमध्ये पोचला. त्या काळात वाढलेल्या कोणालाही विचारा, एडी हे पात्र घेऊन बटणं बडवत सुटणारा एक तरी पोरगा आठवेल. त्याच्या कापोएराच्या, म्हणजे नाचासारख्या ब्राझिली युद्धकलेच्या, गिरक्यांमध्ये समोरच्याला काही सुचायचंच नाही. आमच्या पार्लरमध्ये असाच एक होता, आठवडाभर कोणालाच ऐकत नव्हता. मग माझ्या मावसभावाने एक दिवस वेगळंच केलं. काहीच केलं नाही. एडीने जमिनीवर हात टेकले की तो खाली बसायचा, लाथ अडवायचा, उठता उठता एक फटका द्यायचा आणि पुन्हा दोन पावलं मागे. बघणारी सगळी पोरं गप्प झाली. आम्हाला फ्रेम हा शब्द ठाऊक नव्हता, पण थांबणारा माणूस जिंकू शकतो हे त्या दिवशी दिसलं. मी हा खेळ आजही खेळतो तो त्या दुपारमुळे.

मागे सरण्याची खरी कला मात्र कोरियाच्या आर्केडांमध्ये घोटली गेली. मागे उसळी घेतल्यावर पात्र क्षणभर अडकतं, लगेच दुसरी उसळी घेता येत नाही. खेळाडूंनी शोधून काढलं की उसळी घेताच स्टिक (पात्र हलवायचा दांडा) खाली-मागे तिरकी नेली तर तो अडकलेला क्षण तुटतो आणि पुन्हा मागे जाता येतं. ही साखळी बोटांत बसली की पात्र लाटेसारखं मागे वाहत जातं. जगभर त्याला 'कोरियन बॅकडॅश' म्हणतात. बनवणाऱ्यांनी ते कुठे शिकवलं नव्हतं. खेळणाऱ्यांनी खेळाच्या पोटातून ते काढलं आणि पुढे तेच टेकनची ओळख होऊन बसलं.

बनवणारे मात्र दर भागात या जागेची नव्याने वाटणी करत राहिले. २००१ च्या 'टेकन ४' मध्ये मैदानाला भिंती आल्या, जमीन उंचसखल झाली. मागे जाणाऱ्याची पाठ आता कशाला तरी टेकणार होती. चढउतारांमुळे नेहमीचे डाव मध्येच सुटायचे, त्यात जिनसारखं पात्र बाकीच्यांवर भारी पडायचं. खेळाडू वैतागले. पुढच्या भागात चढउतार गेले, भिंती राहिल्या. भिंतींचा निर्णय माझ्या मते योग्यच होता. अमर्याद मागे जाता आलं तर अंतराला किंमतच उरत नाही.

'टेकन ५' ने बसलेल्या अवस्थेतून वरचे फटके आणि उसळत्या अवस्थेतून खालचे फटके चुकवणाऱ्या चाली नियमात नीट बसवल्या. २००५ च्या 'डार्क रिझरेक्शन' आवृत्तीने पात्रांचा समतोल साधला, जुने खेळाडू आजही तिचं नाव प्रेमाने घेतात. २००७ मध्ये सहावा भाग आला. हवेत उडालेल्याला आपटून पुन्हा मारत राहण्याची सोय आली, आणि जीव थोडा उरला की फटक्यांची ताकद वाढवणारा 'रेज' आला. एका चुकीची किंमत इथून चढू लागली.

सातवा भाग आर्केडमध्ये २०१५ साली आणि घरोघरी जून २०१७ मध्ये आला. शेवटच्या घटकेला दोघांचे फटके एकदम सुटले की चित्र संथ होतं आणि प्रेक्षक श्वास रोखतात, ते याच भागातलं. आणि याच भागाच्या काळात टेकनचा नकाशा बदलला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये जपानमधल्या फुकुओकाला ईव्हो जपान ही अशा लढतीच्या गेमची मोठी स्पर्धा झाली. व्हिसाच्या कटकटी निस्तरत लाहोरचा अर्सलान सिद्दीक, खेळातलं नाव अर्सलान ॲश, तिथे पोचला आणि जिंकला. बाहेरच्या जगात त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. आमच्याकडे असे आणखी पुष्कळ आहेत, असं त्याने जिंकल्यावर सांगितलं. ऑगस्टमध्ये त्याने लास वेगासची मुख्य ईव्हो स्पर्धाही जिंकली, अंतिम सामन्यात कोरियाच्या 'नी' या खेळाडूला हरवून. नी म्हणजे या खेळातला द्रोणाचार्य. पाठोपाठ अवैस हनी, आतिफ बट अशी नावं जगाला कळली, आणि आतिफने फेब्रुवारी २०२३ मध्ये टेकन वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा जिंकली.

हे घडलं कसं? लाहोरमध्ये आर्केड संस्कृती टिकून होती. माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, एकाच यंत्रावर, दिवसचे दिवस खेळत. समोरचा शेजारीच बसलेला असला की त्याची सवय कळते, त्याचा उतावीळपणा कळतो. अर्सलानचा खेळ बघा, त्यात चमकदार काही फार कमी असतं. तो अडवतो, सरकतो, वाट बघतो. खोली असलेल्या खेळातच असा माणूस जगज्जेता होऊ शकतो. आपल्यासारख्याच पार्लरांमधून उपखंडातला एक मुलगा तिथे पोचला याचा आनंद मला तेव्हा झाला होता आणि आजही होतो.

समतोल ढळला की काय होतं, तेही याच काळात दिसलं. डिसेंबर २०१९ मध्ये लेरॉय स्मिथ हे नवं पात्र विकत मिळू लागलं. पुढच्याच महिन्यातल्या ईव्हो जपानमध्ये शेवटच्या आठपैकी सहा जण लेरॉय घेऊन बसले होते. वर्षानुवर्षं घोटलेली पात्रं लोकांनी एका महिन्यात बाजूला ठेवली. पुढे त्याची ताकद कमी केली गेली, पण पैसे मोजून घ्यायचं पात्र सगळ्यांपेक्षा भारी निघालं, ही अढी मनात राहिली. फ्रेमचे आकडे पडद्यावर दाखवण्याची सोयही या भागात वेगळे पैसे घेऊन दिली होती. ते मला अजिबात पटलं नव्हतं. पाढे शिकायला कोणी पैसे लावत नाही.

मुंबई-पुण्यात टेकनसाठी आर्केड नाहीत, त्यामुळे आपला आखाडा ऑनलाइनच. इथे नेटकोडचा, म्हणजे दोघांचे खेळ इंटरनेटवरून जुळवून ठेवणाऱ्या यंत्रणेचा, प्रश्न थेट खोलीला भिडतो. जुन्या पद्धतीत समोरच्याचं बटण पोचेपर्यंत खेळ थांबून राहायचा, आणि तो उशीर तुमच्या बोटांवर यायचा. संथ खालची लाथ बघून बसणं समोरासमोर जमतं, उशिरात जमत नाही. मग बघून खेळणाऱ्याऐवजी धडाधड मारणारा जिंकतो. रोलबॅक पद्धतीत खेळ थांबत नाही, समोरच्याची चाल गृहीत धरून पुढे जातो आणि चुकलं तर झटकन दुरुस्त करतो. सातव्या भागाच्या नेटकोडवर वर्षानुवर्षं तक्रारी झाल्या, २०२० च्या अखेरीस त्यात सुधारणा आली. २६ जानेवारी २०२४ ला आलेला आठवा भाग मात्र पहिल्यापासून रोलबॅकवर आहे. आपण हरलेला सामना पुन्हा लावून मधूनच आपल्या हातात घेता येतो, तिथे वेगळं काय करता आलं असतं ते करून बघता येतं, ही त्यातली सोय तर सोन्यासारखी आहे. शिकणाऱ्याला इतकी मदत आधीच्या कुठल्याच टेकनने केली नव्हती.

एवढं असूनही भांडण पेटलं ते 'हीट'वरून. आठव्या भागात प्रत्येकाला सामन्याच्या दर फेरीत एकदा साधारण १० सेकंदांची ही जोर वाढवणारी अवस्था मिळते. तिच्यात अडवलेल्या फटक्यानेही थोडा जीव जातो. तो परत मिळवता येतो, पण चढाई करूनच. चढाई करणाऱ्याला बक्षीस द्यायचं हा बनवणाऱ्यांचा हेतू उघड होता. नव्या प्रेक्षकाला खेळ रंगतदार दिसावा यात गैर काही नाही. अडचण अशी की अडवणाराही झिजतो, बाजूला सरकणाऱ्याला फटके वळून गाठतात, आणि शेवटी मधला की खालचा एवढाच जुगार उरतो. दुसऱ्या सीझनने हा जुगार वाढवला, म्हणून लोक भडकले. पुढच्या काही आठवड्यांत दुरुस्त्या आल्या आणि काही चाली मवाळ झाल्या.

मला विचाराल तर हीट काढून टाकायची गरज नाही. अडवल्यावर झिजणं बंद करा, आणि बाजूच्या पावलाला त्याचं मोल परत द्या. सरळ रेषेत जाणारा, जोरदार, संथ फटका बाजूला सरकलेल्याला लागता कामा नये, इतका साधा नियम पाळला तरी निम्मी तक्रार मिटेल. ज्या चालीने गाठायचंच आहे ती तशी ठेवा, पण मग तिच्या अंगी फार मार नको. नवं अपडेट उतरलं की मी सरावाच्या खोलीत जाऊन पहिल्यांदा हेच बघतो: समोरच्या पात्राला असा एक फटका पुन्हा पुन्हा मारायला लावायचा, आधी डावीकडे पाऊल टाकायचं, मग उजवीकडे.