म्हातारचळ, वात आणि विसरभोळेपणा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण सरळसरळ चूक आहे. स्मृतिभ्रंशाचे बहुतेक रुग्ण पासष्टीच्या पुढचे असतात, आणि त्या वयातही बहुसंख्यांची बुद्धी शाबूत असते. उलट स्मृतिभ्रंशाच्या ज्या प्रकाराला अल्झायमर म्हणतात, त्याची पहिली नोंदलेली रुग्ण, १९०१ साली फ्रँकफर्टमध्ये डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी जिला तपासलं ती ऑगस्टे डेटर, अवघी ५१ वर्षांची होती. म्हातारपणातल्या अशा बदलांसाठीचे बोलीतले बाकीचे शब्द मात्र इतके टाकाऊ नाहीत. त्यांतलं निरीक्षण बरोबर असतं, फक्त कारण चुकतं.

‘म्हातारचळ’ घ्या. उतारवयात एखादा अचानक अचकटविचकट बोलू लागतो, परक्यांशी सलगी करतो, पैसे उधळतो. आवर घालण्याचं काम कपाळामागच्या मेंदूचं. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात तोच भाग आधी झिजतो आणि स्मरण सुरुवातीला बरंचसं टिकतं. म्हणून घरचे म्हणतात, ‘आठवतं तर सगळं, मुद्दाम करतोय!’ गंमत म्हणजे हा ‘म्हातारचळ’ बहुधा ४५ ते ६५ या वयातच सुरू होतो.

सगळ्यात नेमका शब्द ‘वात’. सांध्यात धरतो तो नव्हे. तापात ‘वात झाला, बरळतोय’ म्हणतात तो. वैद्यकात याला डेलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो, वात काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत येतो. सकाळी माणूस ठीक, तिन्हीसांजेला मुलालाही ओळखत नाही. यात आधी ढासळतं ते लक्ष. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार… सौम्य स्मृतिभ्रंशात हे बहुधा जमतं, वातात मधेच धागा सुटतो, किंवा काय विचारलं होतं तेच निसटतं.

असं का होतं? मेंदूच्या तळाशी मायनर्टचं केंद्रक नावाचा पेशींचा लहानसा पुंजका आहे. मेंदूच्या जवळजवळ सगळ्या सालीला, म्हणजे बाहेरच्या थराला, ॲसिटिलकोलीन हे रसायन पुरवतो तो हाच. हे रसायन दोन चेतापेशींमधल्या फटीत सुटतं, समोरच्या पेशीवर ते पकडणाऱ्या जागांना, म्हणजे मस्कॅरिनिक ग्राहींना, चिकटतं, आणि ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर त्याचे लगेच तुकडे करतं. कुठला संदेश उचलायचा आणि कुठला गोंगाट म्हणून सोडायचा, हे बरंचसं या पुरवठ्यावर ठरतं. वयाबरोबर ही शिल्लक घटते. अल्झायमरमध्ये तर पुंजक्यातल्या पेशीच मरतात. अशा काठावरच्या मेंदूला लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तात घटलेलं सोडियम, तुंबलेली लघवी किंवा मोठी शस्त्रक्रिया एवढा धक्का पुरतो. कधी सर्दीची गोळीसुद्धा. अशा अनेक गोळ्यांत असणारं क्लोरफेनिरामिन मस्कॅरिनिक ग्राही अडवतं. तरुणाला फार तर पेंग येते, ऐंशीच्या माणसाला वात होऊ शकतो.

स्मृतिभ्रंशावरचं डोनेपेझिल याच्या उलट वागतं: विकराला थोपवून ॲसिटिलकोलीन टिकवतं. पण त्यामुळे काहींना लघवीची घाई होते, मग त्यावर ऑक्सिब्युटिनिन दिलं जातं, आणि ते पुन्हा तेच ग्राही बंद करतं. एक गोळी दार उघडते, दुसरी लावते.

वातात भिंतीवर किडे दिसतात, खोलीत माणसं दिसतात. ल्युई बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या आणखी एका प्रकारातही लहान मुलं, प्राणी अगदी स्पष्ट दिसतात. लगेच ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून अंगारा लावला जातो, आणि वात जंतुसंसर्गाने झाला असेल तर तो तेवढा वेळ रक्तात पसरत राहू शकतो. गप्प वात तर ओळखूच येत नाही. माणूस दिवसभर झोपून राहतो आणि घरचे समजतात, ‘आता शांत झालेत’.

‘विसरभोळा’ याबद्दल थोडक्यात. नाव ओठांवर अडकून तासाभराने आठवलं, तर नोंद शाबूत आहे, काढायला उशीर झाला. सकाळी आलेला पाहुणा दुपारी आठवण करून दिल्यावरही आठवत नसेल, तर नोंदच झालेली नाही. नोंद करणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, अल्झायमरमध्ये लवकर बिघडतो. जुनं लख्ख आठवतं ते त्यामुळेच, आणि त्यावरून ‘स्मरणशक्ती उत्तम’ असा दाखला देऊ नये.

डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी लिहून न्या: बदल नेमका कोणत्या दिवशी दिसला, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी, चिठ्ठीशिवाय घेतलेलीसुद्धा. रक्तात सोडियम, साखर, थायरॉइड आणि बी-१२ बघतात. मागच्या काही आठवड्यांत माणूस पडला असेल तर ते आवर्जून सांगा. कवटीच्या आत सावकाश साचलेलं रक्त सीटी स्कॅनमध्ये दिसतं आणि काढताही येतं.